गाळ न्या, नदीतले धोंडे राहू द्या: खोलीकरण करणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

प्रति,
जिल्ह्याजिल्ह्यातले कलेक्टर साहेब आणि मॅडम, जलसंधारणाची कामं बघणारे इंजिनियर, मशिनी पुरवणाऱ्या संस्था, आणि गावोगावच्या पाणी समित्यांमधली आमचीच मंडळी,

नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की नदी-ओढ्यांच्या खोलीकरणाची गडबड सुरू होते, त्याच्या आत एक मागणी तुमच्यापुढे ठेवायचीय. ती सुरवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसला तरी मुद्दा पोचेल. गाळ काढा, लागेल तेवढा काढा, पण नदीचा जो उथळ, खडकाळ, खळखळ वाहणारा भाग असतो, ज्याला आमच्याकडं धार म्हणतात, तिथले धोंडे-गोटे उचलू नका. तिथं पोकलेन उतरवूच नका. त्या धोंड्यांवर मळ्या नावाचा मासा जगतो आणि धोंडे गेले की तो जातो, नंतर कितीही पाणी साठलं तरी परत येत नाही.

मी पाण्याच्या कामांच्या विरोधात नाही हो. भीमेच्या खोऱ्यातलं शेतकऱ्याचं घर आहे आमचं, होळी झाली की विहिरीचा तळ दिसायला लागतो, टँकर आला की गल्लीत हंड्यांची रांग लागते आणि त्यावरून भांडणं होतात हे सगळं बघत मोठा झालोय. त्यामुळे २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार जाहीर झालं तेव्हा आमच्याकडं लोकांना खरंच आनंद झाला होता, आणि २०२३ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हाही झाला. गाळमुक्त धरण योजनेतला गाळ कित्येकांनी स्वतःच्या खर्चानं वाहून नेऊन माळरानावर पसरला, पिकं सुधारली. ते काम चांगलंच आहे. माझं म्हणणं धोंड्यांबद्दल आहे.

ज्यांनी मळ्या बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बोटाएवढा मासा, फार मोठा झाला तर वीतभर. अंग लांबट गोल, पाठ काळपट हिरवी, दगडाच्या रंगात मिसळून जाणारी, पोट पांढुरकं आणि चपटं. तोंड समोर नाही, खालच्या अंगाला, आणि खालच्या ओठाच्या मागं एक गोल चकती. ती चकती दगडाला लावून तो जोराच्या धारेत जागच्या जागी टिकून राहतो, जिथं आपला पाय ठरत नाही तिथं. कार्तिकात पाणी निवळतं तेव्हा सकाळी ऊन चढल्यावर धारेच्या काठाला शांत उभं राहून बघा, आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, नुसते तपकिरी गोटे. मग एक गोटा जरासा हलल्यासारखा वाटतो आणि लक्षात येतं की तो मासा आहे, डोकं हलवत हलवत दगड खरवडतोय, थोडं पुढं सरकतो, परत चिकटतो, परत खरवडतो. तो गेल्यावर दगडावर स्वच्छ पट्टे दिसतात, बाकीचा दगड बुळबुळीत तपकिरी आणि जिथं मळ्या चरलाय तेवढा भाग उघडा. पाण्यात हात घातला की क्षणात दगडाखाली गायब. लहानपणी आम्ही दोन्ही हातांनी दगडाखाली चाचपून धरायचो तेव्हा तळहाताला त्याची ती चकती चिकटलेली नीट कळायची.

तो जे खरवडतो त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, पण लांब हिरव्या केसांसारखं वाढतं ते शेवाळ वेगळं. हा दगडावरचा पातळ थर असतो, ज्याच्यावरून आपण घसरून पडतो तोच. त्यात डायटम असतात, डोळ्याला न दिसणारी, काचेसारखं कवच असलेली शेवाळं, शिवाय निळी-हिरवी शेवाळं, जिवाणू, थोडी माती. हा थर तयार व्हायला तीनच गोष्टी लागतात, तळापर्यंत पोचणारं ऊन, वाहतं पाणी आणि हलणार नाही असा पक्का दगड. पालापाचोळ्यावर जगणाऱ्याला मोठं आतडं लागतं तसंच याचं, पोट फाडलं की आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं लांबच लांब आतडं निघतं. आई मासे साफ करताना ते आधी काढून टाकायची, राहिलं तर कालवणाला चिखलाचा वास येतो म्हणायची.

आता या एवढ्याशा माशाचं एवढं काय कौतुक असं तुम्ही म्हणाल, तर सांगतो. उन्हाचं अन्न करायचं काम नदीच्या धारेत बरंचसं हा दगडावरचा थर करतो, आणि ते अन्न माशाच्या रूपात पुढं पोचवायचं काम मळ्यासारखे चरणारे मासे करतात. त्याच्यावर मरळ जगते, वांब जगते, खंड्या, पाणकावळा, ढोकरी, जिथं अजून शिल्लक आहेत तिथं पाणमांजरं जगतात. आणि तो चरतो म्हणून दगड साफ राहतो, वरची माती झटकली जाते, नवा थर वाढायला जागा होते. कातकरी, ठाकर, भिल्ल वस्तीवरच्या घरांत आठवड्यातून दोन-चार वेळा जे कालवण होतं ते बाजारातल्या कटला-रोहूचं नसतं, ते मळ्या, मुरी, खवली, झिंगे, खेकडे असल्या फुकट मिळणाऱ्या गोष्टींचं असतं. त्याचा हिशोब कुठल्याच एस्टिमेटमध्ये धरलेला नसतो.

हा मासा इथला जुना रहिवासी आहे. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये फिरून सगळ्याची नोंद करत होता, त्यानं १८३९ साली इथल्या माशांची यादी छापली आणि आपल्या लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नावात घातली, त्यामुळे जगभरच्या पुस्तकांत आजही हा मासा गारा मुल्या आहे. त्याच्यासारखे दगडाला धरून राहणारे अजून किती मासे सह्याद्रीत आहेत. खंडाळ्याच्या ओढ्यातून १९१९ साली एका छोट्या माशाची नोंद झाली, पॅराप्सिलोऱ्हिंकस टेंटाक्युलॅटस, नाव बोटापेक्षा लांब. त्याचाच एक भाऊबंद १९३८ साली देवळालीजवळ दारणा नदीतून नोंदला गेला आणि तो आज धोक्यातल्या जिवांच्या जागतिक (आययूसीएन) यादीत अतिसंकटग्रस्त गटात आहे. त्याच १९३८ साली मुळा-मुठेत सापडलेल्या, दगडाला चिकटणाऱ्या एका माशाला ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस असं पुण्याचं नाव मिळालं. आज पुणे शहरातून वाहणारी नदी बघा आणि तुम्हीच सांगा त्यात तो कुठं चिकटणार. सुंदरलाल होरा हे आपल्या देशातले फार मोठे मत्स्यशास्त्रज्ञ, हिमालयातले धारेतले मासे सह्याद्रीपर्यंत कसे पोचले असतील याचा विचार करताना त्यांनी सातपुड्याची वाट मांडली, आणि त्यासाठी पुरावा म्हणून त्यांच्यापुढं असलेच धारेतले, दगडाला धरून राहणारे मासे होते. ते म्हणणं नंतरच्या लोकांनी सगळं मान्य केलं नाही ते ठीक, पण लाखो वर्षांचा इतिहास ज्या माशांवरून वाचायचा प्रयत्न झाला ते मासे आपण एका दुपारी डंपरमध्ये भरतो.

मळ्या स्वतः दुर्मिळ नाही, हे पण सरळ सांगतो. जागतिक यादीत तो कमी चिंतेच्या गटात आहे. आणि माझ्या मते हीच अडचण आहे. दुर्मिळ असता तर कुणीतरी कोर्टात गेलं असतं, पेपरात फोटो आला असता. जो मासा सगळीकडं आहे असं समजलं जातं तो एकेका ओढ्यातून गेलेला कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण पुढच्या नदीत तो असतोच.

आता खोलीकरणात नक्की काय होतं ते सांगतो. कुठलं गाव, कुठली योजना, कुणाची मशीन हे लिहीत नाही कारण एका गावाचा दोष काढायचा नाहीये. आमच्या जवळच्या एका नदीला एक लांब पट्टा होता, वर डोह, मग धार, मग परत डोह, मग परत धार. काठाला करंज, उंबर, जांभूळ, पाण्यात शेरणीची झुडपं आणि लव्हाळ्याचे पुंजके. एका उन्हाळ्यात तो पट्टा सरळ करून टाकला. दोन्ही काठ उभे कापले, झाडं गेली, गोटे एका बाजूला ढीग लावून विकले गेले की रस्त्याला गेले देव जाणे, आणि नदीच्या जागी एकसारख्या रुंदीची आणि खोलीची चर उरली. पावसाळ्यात ती भरली, उद्घाटनाला फोटो छान आले, पाणीच पाणी. पण काठावर टाकलेला मुरूम आणि माती पहिल्या दोन पावसांतच परत आत आली. पुढच्या कार्तिकात मी तिथं बघायला गेलो तर पाणी गढूळ आणि थंड पडलेलं, म्हणजे वाहतच नव्हतं. तळाला चिखल. ऊन तळापर्यंत पोचत नाही, पोचलं तरी चिखलावर तो थर धरत नाही, धरला तरी चिकटायला दगड नाही. मळ्या एकही नाही. चिलापी, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया मासा, होती भरपूर, आणि त्याच्या पुढच्या वर्षी जलपर्णी आली.

आणि वेळ बघा कुठली निवडतो आपण. काम एप्रिल-मे मध्ये होतं कारण तेव्हा पात्र कोरडं असतं, मशीन घालायला सोपं. पण त्याच वेळी अख्ख्या नदीतले मासे उरलेल्या दोन-चार डोहांत गोळा झालेले असतात. मळ्या, खवली, वांब, मरळ, खेकडे, सगळं बी-बियाणं तिथंच. पावसाळ्यात नदी परत भरते ती या डोहांतल्या माशांनी. आपण नेमका तोच डोह मे महिन्यात उपसतो, खोल करायला. काही ठिकाणी तर मशीन यायच्या आधी डोहात ब्लीचिंग पावडर टाकून नाहीतर बॅटरीचा करंट देऊन मासे काढून घेतात, नाहीतरी आता जाणारच आहेत म्हणून. अशानं वरून खालून दोन्हीकडून बांध असलेल्या ओढ्यात नवीन मासा येणार कुठून?

पहिला जोराचा पाऊस झाला की चढणीचे मासे वर निघतात हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको, तुमच्यातल्याही कित्येकांनी लहानपणी रात्री बत्ती घेऊन ते धरले असतील. मळ्याची वीण पावसाळ्यातली. तो धारेत वर सरकतो, लहान ओढ्यांत शिरतो. कोल्हापुरी बंधारा असेल आणि वेळेत बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले असतील तर त्याला वाट मिळते. सिमेंटचा नाला बांध असेल तर खालून सरळ उभी भिंत, आणि माशाची जत्रा त्या भिंतीपाशी येऊन थांबते, तिथं लोक जाळी लावून बसलेलेच असतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सगळ्यांना ते पटलंय, कोळी बांधव नुकसान सोसून पाळतात. नदीत त्याच दिवसांत नेमकं उलटं चालतं.

पाण्याच्या बाजूनंही एक गोष्ट बोलायला पाहिजे. खोलीकरणाचं नाव निघालं की धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं उदाहरण येतं, जिथं ओढे खोल-रुंद करून पाणी मुरवलं. शिरपूर तापीच्या खोऱ्यात आहे, तिथं गाळाच्या मातीचे जाड थर आहेत, तिथं पाणी मुरायची गोष्टच वेगळी. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी काळा कातळ, मधे मुरमाचे थर, कुठं भेगा कुठं नाही. एका ठिकाणी चाललेला नमुना सगळ्या जिल्ह्यांत तसाच उचलून चालत नाही, हे भूजलाचे जाणकार किती वर्षं सांगतायत. जलयुक्तच्या कामांवरून प्रा. एच. एम. देसरडा हायकोर्टात गेले होते आणि माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती, म्हणजे शंका घेणारा मी पहिला नाही. धारेतले गोटे पाण्याला अडवत-वळवत, हळू करत पुढं सोडतात, पुराच्या वेळी जोर मोडतात. ते काढून सरळ चर केली की पाणी सुसाट खाली जातं आणि काठ कापतं.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला जो महापूर आला त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढायची मागणी झाली ती मला समजते, ज्यांच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी गेलं त्यांना मी मासे वाचवा म्हणून सांगायला जाणार नाही. शहरापाशी साठलेला गाळ काढलाच पाहिजे. पण तेच मशीन मग वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, जिथं गाळ नाहीच, नुसते मोठमोठे गोटे आहेत अशा ओढ्यात का घुसतं? तिथं काढण्यासारखं फक्त दगड असतात, आणि दगडाला भाव असतो. हे स्पष्टच बोललेलं बरं.

आपल्याला हे जमत नाही असं मुळीच नाही. महाडजवळ वाळण कोंडीला काळ नदीच्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे म्हणून लोक पिढ्यानपिढ्या राखतायत, कुणी गळ टाकत नाही, उलट खायला घालतात. वाड्याजवळ तिळश्याला वैतरणेच्या डोहातही तेच. आणि सरकारनं सुद्धा केलंय, आंबोलीला हिरण्यकेशीच्या मंदिराजवळ एक इवलासा नवीन मासा सापडला, २०२० मध्ये त्याची नोंद झाली, आणि २०२१ मध्ये ती सव्वादोन हेक्टरच्या आतली जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. एका बोटभर माशासाठी. हे वाचलं तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. मळ्याला मंदिर नको, वारसा स्थळ पण नको. त्याला धार पाहिजे.

मग करायचं काय, तर माझ्या डोक्यात आहे ते असं. कामाचा आराखडा उन्हाळ्याच्या कितीतरी आधी होतो. त्याच वेळी, दिवाळी ते माघ या काळात, जेव्हा पाणी निवळ असतं आणि धार चालू असते, इंजिनियरनं एक दिवस ओढा पायी चालावा, आणि सोबत गावातला मासे धरणारा माणूस घ्यावा, सरपंच नसले तरी चालेल. त्या माणसाला सगळं माहीत असतं, कुठला डोह मे महिन्यातही आटत नाही, कुठल्या धारेत मळ्या आहे, चढण कुठून होते. त्या जागा नकाशावर लाल रंगानं खुणा करून टाकायच्या आणि वर्क ऑर्डरमध्ये लिहायचं की इथं मशीन नाही. जो डोह आटत नाही तो उपसायचा नाही. गाळ काढायचा तो बंधाऱ्यांच्या मागचा, तलावांतला, जिथं तो खरोखर आहे तिथला. जिथं पट्टा सलग करायचाच असेल तिथं मधे मधे धारा तशाच ठेवायच्या, त्यानं पाणीसाठा फार कमी होत नाही, उलट दोन डोहांच्या मधे तो नैसर्गिक बांधच असतो. आणि आधीच सरळ करून ठेवलेले जे पट्टे आहेत, त्यांच्या काठावर गोट्यांचे ढीग अजून पडून असतील तर ते विकू नका, जेसीबीनंच परत पात्रात पसरून द्या. डिझेलचे दोन-चार तास लागतील. नवीन सिमेंट बांध घालताना एका बाजूला उतरता दगडी रॅम्प ठेवा म्हणजे मासा चढेल, आणि कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे पहिल्या पुराची वाट न बघता काढा.

ग्रामपंचायतीतल्या मंडळींना वेगळं सांगतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक गावात समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. कागदावर ती बहुतेक ठिकाणी आहे. उघडून बघा त्यात नदीच्या पानावर काय लिहिलंय. बऱ्याच वह्यांमध्ये मासे या रकान्यात कटला, रोहू, मरळ असं लिहून मोकळे झालेत. तिथं मळ्या लिहा, कुठल्या धारेत आहे ते जागेच्या नावासकट लिहा, आपल्याकडं प्रत्येक धारेला आणि डोहाला नाव असतंच. एकदा ते वहीत आलं की मशीन आली तेव्हा दाखवायला हातात काहीतरी असतं, नाहीतर आपल्या बोलण्याला कोण विचारतंय.

कुणाला बघायचं असेल तर कार्तिकात या, आमच्याकडं वरच्या अंगाला एक धार अजून शिल्लक आहे, मी स्वतः दाखवतो, चहापाणी करून जा. फक्त येताना पुढच्या उन्हाळ्याच्या कामांचा नकाशा सोबत आणा, आपण तिथंच उभं राहून त्यावर खुणा करू.

कळावे,
भीमा खोऱ्यातला एक शेतकरी